व्हॉल्व पावणेसहाला बंद झाला होता

मैदान राखणाऱ्या माणसाचं नाव पेपरात येत नाही. आलंच तर समजावं, मैदानात काहीतरी घोटाळा झाला. तीन वर्षांपाठीमागं अंबाजोगाईत असा घोटाळा झाला आणि पेपरात नाव आलं मुनीरचं. ते माझं यायला पाहिजे होतं.

शाळा माझी नांदूरघाटला चौथीपर्यंत. या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "आबा, तुम्ही नुसतं सांगा, आम्ही लिहून घेतो." मी म्हणलं, न्हाई. हे माझ्याच हातानं लिहिणार. शुद्धलेखन तुम्ही बघा, बाकीच्याला हात लावू नका.

आधी माझं काम सांगतो. ते कळल्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही.

मी पीचवाला. साहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या मैदानावर मी तीस-बत्तीस वर्षं क्रिकेटचं पीच केलं. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. कॉलेजं त्यांची, मैदान त्यांचं आणि खरं सांगायचं तर आम्हीपण त्यांचेच. पीच करायचं म्हणजे काळी माती चाळायची, थरावर थर टाकायचे, पाणी द्यायचं, सुकू द्यायचं आणि मग रोलर. तो कधी फिरवायचा हे कुठल्या पुस्तकात नाही. पायताण काढायचं आणि अंगठा रोवायचा. अंगठा आत गेला तर रोलरला हात लावायचा नाही. नुसता ठसा उमटला तर लगेच फिरवायचा. ठसाही उमटला नाही तर वेळ गेली, परत पाणी. माझा हा अंगठा लई नावाजलेला होता. लातूर-परभणीहून माणसं विचारायला यायची. रोलर फिरवून झाला की पीच असं चमकायचं की त्यात बघून भांग पाडावा. आमची ही म्हणायची, "घरातली जमीन एकदा अशी करून दावा की. तिथं कावून अंगठा चालत न्हाई?"

मुनीर पाण्याचा माणूस. मोटर, पाइप, व्हॉल्व, फवारे, सगळं त्याच्याकडं. जळालेल्या मोटरची तार नव्यानं भरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. अकरा वर्षं आम्ही दोघं एकाच लिंबाखाली डबा खाल्ला. त्याच्या घरून खिचडी-खट्टा आला की माझी भाकरी तशीच माघारी जायची. आमच्यात एक रीत होती. पूर्वी एकदा मला वाटलं व्हॉल्व त्यानं बंद केला, त्याला वाटलं मी केला, आणि मोटर चालून चालून जळाली. तेव्हापासून ठरलं होतं. व्हॉल्व बंद करणाऱ्यानं मोठ्यानं वेळ सांगायची आणि दुसऱ्यानं "ऐकलं" म्हणायचं. "ऐकलं" येईपर्यंत मुनीर चाकावरचा हात काढायचा नाही. मी मुद्दाम गप बसलो तर तिथनंच ओरडायचा, "नामदेवभाई, जबान गिरवी रखी क्या?"

मग त्या वर्षी साहेबांनी फुटबॉलची टीम घेतली.

आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पी.टी.च्या तासाला मास्तरांना झोप आली की पोरांपुढं टाकायची वस्तू. पण साहेबांना कुणीतरी सांगितलं की देशात फुटबॉलची एक मोठी लीग आहे, तिच्या खाली दुसऱ्या नंबरची लीग आहे, आणि या दुसऱ्या नंबरातली एक टीम मालक शोधतेय. खालून वर गेलं की देशभर नाव. साहेबांनी टीम घेतली आणि तिच्या घरच्या मॅचेस अंबाजोगाईला आमच्या मैदानावर लावल्या. घरची मॅच म्हणजे मैदान तयार ठेवायची जबाबदारी आपली. मैदान खेळण्याजोगं नसलं तर मॅच होत नाही आणि जिंकल्याचे गुण समोरच्याला देऊन टाकतात. हा नियम ध्यानात ठेवा.

गवत बघायला पुण्याहून एक मॅडम आल्या. माझ्या पोरीच्या वयाच्या, डोक्यावर टोपी, हातात लांब स्क्रू-ड्रायव्हर. मला वाटलं मुनीरची मोटर खोलायला आल्या. त्यांनी तो मैदानात रोवला. दोन्ही हातांनी दाबला तरी दोनच बोटं आत गेला.

"आबा, हे काय?"

"काय म्हंजे? ग्राउंड हाय. तीस वर्षं दाबलेलं हाय."

"तेच म्हणते. हे मोकळं करायचंय."

मी म्हणलं, "मॅडम, ढेकळात खेळायचं असलं तर शेतं लई पडलीत की."

त्या चिडल्या नाहीत. खाली बसल्या आणि मला समजावून सांगितलं. क्रिकेटला जमीन बंद लागते, फुटबॉलला उघडी. फुटबॉलचा खेळाडू सारखा पडतो, त्याला जमिनीनं झेललं पाहिजे. त्याच्या बुटाचे खिळे रुतले पाहिजेत. मुळाला हवा पाहिजे आणि पाणी वर न थांबता खाली गेलं पाहिजे. काळी माती दाबली की वरून झाकण बसतं, मग पाणी खाली उतरतच नाही. मला हे कळत नव्हतं असं नाही. पीचवर मी तेच झाकण बसवायचो की. पण तीस वर्षं जे करून नाव मिळवलं ते चूक आहे असं ऐकायची माझी तयारी नव्हती.

आठ दिवस वीस-पंचवीस बाया चार दातांचे लोखंडी पंजे घेऊन मैदानभर भोकं पाडत होत्या आणि त्यात वाळू भरत होत्या. मैदानाला देवी आल्यासारखं दिसायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "आबा, ही मैदानाची तोंडं आहेत. इथूनच ते पाणी पिणार." जाताना सांगून गेल्या, "लीग संपेपर्यंत रोलर बंद. मला विचारल्याशिवाय बाहेर काढायचा नाही."

मी "हौ" म्हणलं. मनात म्हणलं, बघू.

पहिल्या मॅचला मी आणखी एक शहाणपणा केला. मैदानावरच्या पांढऱ्या रेघा ठळक दिसाव्या म्हणून फक्कीत चुना मिसळला. खेळाडू घसरत आले की मांडीचं कातडं त्या रेघेवर सोलायचं, वर घाम, खाली चुना. आमचा गोलकीपर मणिपूरचा होता, तोम्बा नावाचा. बुटका, चपळ, सदा हसरा. हाफटाइमला लाल झालेली मांडी दाखवत माझ्याकडं आला. "आबा, ये लाइन है कि तवा है?" सगळे हसले, मीपण हसलो. दुसऱ्या दिवसापासून साधा पांढरा रंग आणला.

माणसं बघायला मातर लई यायची. मेडिकल कॉलेजची पोरं, मोंढ्यातले हमाल, गच्च्यांवर बाया. खेळ कुणालाच कळत नव्हता. बाहेर गेलेला बॉल खेळाडूनं हातानं आत टाकला की ओरडा व्हायचा, "हातानं टाकतोय बे, धरा त्याला!" पहिल्या दोन मॅच हरलो. तिसरीला आलेल्या टीमचा कोच भोकं पाडलेलं मैदान बघून सगळ्यांसमोर म्हणाला, "इधर फुटबॉल खेलना है या ज्वार बोनी है?" लोक हसले. साहेबही हसले. हसता हसता त्यांनी माझ्याकडं बघितलं. ती मॅच आपण जिंकली, पण मला तेवढंच लागून राहिलं. तीस वर्षांत माझ्या मैदानाला कुणी शेत म्हणलं नव्हतं.

त्यानंतर टीम जिंकतच गेली. परगावी जिंकली, इथं जिंकली. तोम्बा घारीसारखी झेप घेऊन बॉल झेलायचा. शाळेची पोरं त्याला बघून लाथाडलेले पत्र्याचे डबे अडवायला शिकली. शेवटची घरची मॅच आली तेव्हा हिशोब सोपा होता. जिंकलो तर वर जायच्या फेरीत, नाहीतर हंगाम संपला. मॅच शनिवारी दुपारी. ती मोबाइलवर सगळीकडं दिसणार होती आणि वरून ड्रोनचा कॅमेरा फिरणार होता.

गुरुवारी साहेब मैदानावर आले. पाठीवर हात ठेवला. "आबा, या खेपेला वरून दिसणारंय. मैदान आरशासारखं पाहिजे बरं का."

साहेबांनी रोलर म्हणलं नव्हतं, हे मी इथं लिहून ठेवतो. आरशासारखं म्हणजे काय ते माझ्या डोक्यानं ठरवलं.

शुक्रवारी बायांना अर्ध्या दिवसानं सोडलं होतं. मॅनेजर पाहुण्या टीमला आणायला लातूरला गेलेला. साडेबाराला मुनीर हात धुऊन आला. "नामदेवभाई, जुम्मेकी नमाज पढके, खाना खाके तीन बजेतक आता मैं." मी म्हणलं, "जा की सावकाश. इथं काय काम हाय?"

तो फाटकाबाहेर गेला आणि मी स्टोअरमागून डिझेलचा रोलर काढला.

पायताण काढून अंगठा रोवला. आत गेला. रोजचं पाणी मातीत होतं. माझ्याच नियमानं रोलरला हात लावायचा नव्हता. मॅडमचं सोडा, मी माझ्या अंगठ्याचंपण ऐकलं नाही. फिरवायचा तर आत्ताच, तीनला मुनीर येणार, एवढंच डोक्यात होतं. दोन्ही गोलांपुढचा भाग आणि मधला पट्टा, दोन दोन हात फिरवला. गवत कापायच्या मशिनीचा आणि रोलरचा आवाज लांबून सारखाच, फाटकावरच्या माणसाला काही कळलं नाही. बायांनी आठ दिवस पाडलेली तोंडं मी दोन तासांत मिटवली. आणि खोटं कशाला सांगू, बघून मला लई बरं वाटलं. मैदान असं गुळगुळीत झालं होतं की त्या कोचला बोलावून दाखवावं.

रोलर जागेवर लावला. तीनला मुनीर आला. लांबूनच म्हणाला, "क्या बात है, आज तो लई चिकना दिसरा!"

मी म्हणलं, "गवत कापलं."

मॅचच्या आदल्या दिवशी पाणी किती द्यायचं ते मॅडमनी ठरवून दिलं होतं. पावणेपाचला सुरू, पावणेसहाला बंद. दर मॅचला तेवढंच. मुनीरनं त्या दिवशीही तेवढंच दिलं. व्हॉल्वचा खड्डा कॉर्नरच्या झेंड्यापाशी होता आणि मी तिथंच कॉर्नरची रेघ मारत होतो. त्यानं चाक फिरवत फेरे मोजले आणि ओरडला, "नामदेवभाई, पावणेसहा, बंद!"

मी म्हणलं, "ऐकलं."

शनिवारी सकाळी साडेसहाला गेलो तर मुनीर चपला हातात धरून मैदानात उभा. दोन्ही गोलांपुढं पाणी तसंच. पायाची बोटं बुडतील एवढं. मधल्या पट्ट्यावर पाणी कमी, पण वरचा थर लोण्यासारखा झालेला.

"नामदेवभाई, जमीन पानी नै पीरी." तो घाबरून गेला होता. "इतनी दफा दिया, कभी नै हुआ ऐसा. पाइप फुटा क्या कहीं?"

मला बघताक्षणी कळलं होतं. मी म्हणलं, "बघ बाबा पाइप कुठं फुटलाय का."

तो बिचारा पाइप बघत सगळं मैदान फिरला. मी त्याला फिरू दिलं.

मग धावाधाव. बाया बोलावल्या, गोणपाट टाकले, ते पिळून बादल्या भरल्या. लाकडाच्या अड्ड्यावरून भुसा आणून टाकला, तर त्याचा लगदा झाला. पंजानं भोकं पाडायला गेलं तर चिकटा दातांना धरून वर येई. जितकी माणसं फिरतील तितका चिखल. दुपारी रेफ्री आणि लीगचे अधिकारी आले. रेफ्रीनं खांद्याएवढ्या उंचीवरून बॉल सोडला. तो उसळला नाही. शेणाच्या पोवट्यासारखा जागेवर बसला. त्यानं तीन ठिकाणी सोडला, तिन्ही ठिकाणी बसला. अधिकाऱ्यांनी दोघांच्या कोचला बोलावून सांगितलं, मॅच होणार नाही. गुण समोरच्यांना.

आपली पोरं खेळून हरली असती तर मला एवढं वाटलं नसतं. ती खेळलीच नाहीत. कपडे घालून, बूट बांधून उभी होती. तोम्बा गोलच्या खांबाला टेकून चिखलात बसला. त्याची आई तिकडं गावात शेजाऱ्याच्या मोबाइलवर मॅच बघायला बसली होती. तो मला म्हणाला, "आबा, माँ पूछेगी कितना गोल बचाया. क्या बोलूँ?" त्या दिवशी मला त्याच्याशी हसता आलं नाही.

संध्याकाळी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. साहेब, मॅनेजर, संस्थेची चार-पाच मोठी माणसं, आणि समोर मी आणि मुनीर. बाया बाहेर दारात.

मॅनेजरच्या कानाला फोन होता, पलीकडं पुण्याच्या मॅडम. त्यानं फोन जरा बाजूला करून मला विचारलं, "आबा, मॅडम विचारतात, रोलर फिरवला होता का?"

मी म्हणलं, "रोलर? दोन महिने झाले, हात लावला न्हाई."

ऑफिसातली ही पहिली थाप. तोंडातून आली ती किती सरळ आली, अजून आठवतं. अडखळलोसुद्धा नाही.

मग साहेबांनी मुनीरकडं मोर्चा वळवला. "पाणी कुणी सोडलं?"

"मीच, साहेब."

"बंद कधी केलं?"

"पावणेसहाला."

"पावणेसहाला बंद केलं असतं तर तळं झालं असतं का रे?" साहेबांचा आवाज चढला. मागून एक जण म्हणाला, "शुक्रवार होता ना. अर्धा दिवस तिकडंच गेला असंल. ध्यान कुठं होतं कामावर?" दुसरा हसला. मुनीर त्यांच्याकडं वळला नाही. साहेबांनाच म्हणाला, "साहेब, मी व्हॉल्व बंद केला तेव्हा नामदेवभाई तिथंच होते. त्यांना विचारा."

साहेबांनी विचारलं, "काय आबा?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मुनीरच्या तोंडावर भीती नव्हती. साक्षीदार आहे म्हणल्यावर माणूस जसा निवांत होतो तसा तो झाला होता.

मी विचार केला तो असा. व्हॉल्व वेळेवर बंद झाला म्हणलं, तर मग पाणी साचलं कशानं, हे विचारणार. मग रोलर निघणार. मग तीस वर्षांचा पीचवाला आणि त्याचा अंगठा, सगळं या दारातल्या बायांसमोर निघणार.

मी म्हणलं, "मी रेघा मारत होतो, साहेब. माझं ध्यान नव्हतं."

मुनीरनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं. साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." त्यानं खिशातल्या स्टोअरच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि गेला.

सोमवारच्या पेपरात आलं की पंपचालकाच्या हलगर्जीपणामुळे जिल्ह्याची संधी हुकली. नावासकट. फुटबॉल न कळणाऱ्या गावाला तेवढं मातर कळलं. मुनीर बाजारात दिसला की कुणीतरी ओरडायचंच, "मुनीरभाई, नळ बंद करून आलात का?" त्याच्या पुतण्याच्या लग्नात टाकीचं पाणी संपलं तर वऱ्हाडी म्हणाले, मुनीरला विचारा. मशिदीत नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला बसला तरी शेजारचा म्हणायचा, "मियाँ, नल देखके." हे मला त्याच्या भावानं सांगितलं, हसत हसत. त्याला वाटलं, आम्ही दोस्त आहोत, मला गंमत वाटेल. सहा महिन्यांत मुनीरनं अंबाजोगाई सोडलं. चौसाळ्याला हायवेच्या कडेला मेव्हण्याच्या जागेत मोटर भरायचं दुकान टाकलं.

साहेबांनी पुढच्या वर्षी टीम सोडून दिली. पोरं पांगली. तोम्बा कुठं खेळतो मला माहीत नाही. मैदानावर आता पुन्हा क्रिकेट आहे आणि लग्नसराईत मांडव पडतात.

मी आणखी दोन वर्षं तिथंच काम केलं. लिंबाखाली एकटा बसून डबा खायचो. पाण्यावर नवा माणूस आला, तो व्हॉल्व बंद करून मुकाट निघून जायचा. मला बरं वाटायचं, कारण मला काही म्हणावं लागत नव्हतं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. संस्थेनं कार्यक्रम केला. शाल दिली, नारळ दिला. सूत्रसंचालन करणारे प्राध्यापक माझं कौतुक करता करता म्हणाले, "आबांनी मैदान लेकरासारखं जपलं. फक्त एकदाच ते बुडालं, पण ते आमच्या मुनीरभाईंच्या कृपेनं!" सभागृह हसलं. मीपण हसलो. खुर्चीत शाल पांघरून, सगळ्यांच्या बरोबरीनं, दात दिसतील असं हसलो. शेजारी बसलेली आमची ही हसली नाही. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. तिला मी कधीच काही सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर म्हणाली, "मुनीरभाऊनी अकरा वर्षं तुम्हाला खाऊ घातलं. आज तुमी त्याच्यावर हसलात." त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी चौसाळ्याची बस धरली. मुनीर दुकानात मांडी घालून मोटरच्या तारेचे वेढे भरत होता. माझ्याकडं बघितलं, हातानं बसायची खूण केली, पण बोलला नाही. वेढे मोजत होता. मोजणी चुकली तर मोटर जळते. मी तोंडाशी आलेलं धरून बसून राहिलो. पाऊणएक तास गेला असेल. वेढे संपले, तार कापली, मग म्हणाला, "बोलो."

मी बोललो. सगळं. रोलर, अंगठा, ऑफिस.

तो म्हणाला, "मालूम है."

"कधीपासून?"

"उसी दिन सुबह से. पाइप बघत फिरलो ना, तेव्हा स्टोअरमागं गेलो. रोलरच्या पत्र्याला हिरवी हरळी चिकटलेली होती."

"मग ऑफिसात कावून बोलला न्हाईस?"

आता तो सगळं मराठीतच बोलला, सावकाश, मला एक शब्दही चुकू नये असा. "रोलर तुमचा होता. तो तुमी सांगायचा का न्हाई ते तुमचं तुमी बघायचं. मी त्याचं नाव काढलं का? मी फक्त व्हॉल्वचं विचारलं. व्हॉल्व माझा होता. त्याला तुमी 'ऐकलं' म्हणाला होता. तेवढंच मागितलं मी."

मी म्हणलं, "आता काय करू सांग."

"जिधर चुप बैठे, उधर बोलो."

मी साहेबांकडं गेलो. ते गाडीत बसत होते. उभ्या उभ्या ऐकलं आणि म्हणाले, "आबा, जाऊ द्या हो. आता कोण विचारतंय ते?" गाडी गेली. मॅनेजर नोकरी सोडून गेलेला. त्या दिवशी ऑफिसात होती ती माणसं आता एका जागी सापडत नाहीत. त्यातल्या दोघांना गाठून सांगितलं, तर एक म्हणाला, "आम्हाला तर व्हॉल्वचीच गोष्ट जास्त आवडते." म्हणून संपादकांनी मैदानावरच्या गमतीजमती सांगा म्हणल्यावर मी हो म्हणलं. हा अंक आमच्या भागात घरोघर जातो. ऑफिसातली माणसं तो वाचतील, त्यांच्या बायकापोरं वाचतील, ते सूत्रसंचालकही वाचतील.

मुनीर शेख यानं त्या शुक्रवारी व्हॉल्व पावणेसहाला बंद केला. मी तिथं होतो आणि मी ऐकलं होतं. पाणी साचलं ते ओल्या जमिनीवर मी रोलर फिरवला म्हणून.

लिहून झाल्यावर कागद घेऊन परत चौसाळ्याला गेलो. त्याला वाचून दाखवल्याशिवाय छापायला द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तो मोटर बाजूला ठेवून ऐकत होता. चुन्याच्या ठिकाणी जरा हसला. व्हॉल्वची जागा आली तिथं मला थांबवलं. मी लिहिलं होतं, "सहाच्या सुमारास."

"सुमारास कायकू? पावणेसहा लिखो."

दुरुस्त केलं. पुढं वाचत गेलो. शेवटाला मी लिहिलं होतं की मुनीर उठला, त्यानं मला मिठी मारली आणि माफ केलं. ते वाचून झाल्यावर त्यानं विचारलं,

"ये कब हुआ?"

मी म्हणलं, "झालं न्हाई. पण दिवाळीचा अंक हाय, शेवट जरा..."

"मैंने माफ नै किया, नामदेवभाई. जो नै हुआ वो मत लिखो. काटो."

मी पेन काढून त्याच्यासमोर त्या चार ओळींवर रेघा मारल्या. मराठी त्याला अक्षरं जुळवून वाचता येतं. त्यानं कागद स्वतःकडं ओढला आणि वाकून बघितलं. एका रेघेखाली 'माफ' अजून वाचता येत होतं. त्यानं त्यावर बोट ठेवलं. तेही मी खोडलं.